तोंडचा तबला

स्नेहसंमेलनाच्या तालमीत पालमच्या आमच्या उर्दू शाळेत एक पेच उभा राहिला. मुलांनी नात म्हणावी, पण वाद्य नको, असे काही पालकांचे म्हणणे पडले. आम्ही तबला-पेटी बाजूला ठेवली. तर मागच्या रांगेतील तीन मुलांनी तोंडानेच ठेका धरला! एक बुजुर्ग हसून म्हणाले, "सर, ये बी तो बाजाच हुआ!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तबल्याला आधी तोंडातच जन्मावे लागते. प्रत्येक आघाताला एक अक्षर आहे. चाटीवरचा 'ना' आणि डग्ग्यावरचा 'गे' एकदम वाजले की 'धा' होतो. शागीर्द हे बोल आधी तोंडाने म्हणतो, मग बोटांवर आणतो. यालाच पढंत म्हणतात. घराण्यांची दौलत कागदावर नव्हती. ती अशी सीना-ब-सीना चालत आली.

महाराष्ट्राला ही दौलत ज्यांनी दिली, त्यांत मुंबईचे उस्ताद मुनीर खाँ अग्रणी होत. त्यांचे शागीर्द अहमदजान थिरकवाँ हे मूळ मुरादाबादचे. बोटांच्या थिरकण्यावरून त्यांना हे नाव पडले. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला ते बसत. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७६ साली ते अल्लाहला प्यारे झाले. मुनीर खाँसाहेबांचे भाचे अमीर हुसेन खाँ यांचे वडील सारंगीवादक, निजामाच्या हैदराबादचे. म्हणजे एका अर्थी ते आमच्याच मुलखातले. परभणी जिल्हाही १९४८ पर्यंत त्याच रियासतीत होता. मुंबईत त्यांनी जात-धर्म न पाहता शिष्य तयार केले. पंढरीनाथ नागेशकर, निखिल घोष ही त्यांतली नावे. घोषांनी पुढे बोल लिहून ठेवण्याची लिपी बसविली, १९५६ साली संगीत महाभारती ही संस्था काढली.

उस्ताद अल्लारखा (१९१९-२०००) तर मैफलीतही बोल आधी म्हणून दाखवीत. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन सांगत की, ते तान्हे असताना रिवाजाप्रमाणे कानात दुआ म्हणण्याऐवजी वडिलांनी तबल्याचे बोल म्हटले. आईने हरकत घेतली, तेव्हा हीच माझी इबादत, असे ते म्हणाले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाईही गेले.

तिकडे अमेरिकेत मिल्स ब्रदर्स या चार कृष्णवर्णीय भावांनी १९३१ साली केवळ गिटारच्या साथीवर, बाकी वाद्ये तोंडाने काढून ध्वनिमुद्रिका गाजविली. त्यांचे वडील न्हावी होते. जगाने त्यांचे कौतुक केले, नोंद ठेवली.

आमच्याकडे काय झाले? वाद्य जायज की नाजायज, हा वाद उलेमांमध्ये जुना आहे. तो मिटविण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याला वाद्य नको त्याच्या भावनेचा आदर आम्ही केलाच. परंतु या वादाच्या आड आमच्याच उस्तादांची नावे आमच्या मुलांना ठाऊक नसावीत, ही गोष्ट मनाला लागते. त्यांचे बोल नागेशकर-घोषांच्या शिष्यांनी जिवापाड जपले, आणि आम्ही मात्र ते परके समजून बसलो.

संमेलनात नात वाद्याविना झाली, छान झाली. दुसऱ्या दिवशी त्या तीन मुलांना आम्ही फळ्यावर 'धा', 'तिरकिट' लिहून दाखविले आणि शेजारी थिरकवाँसाहेबांचे नाव लिहिले. ते आधी कोणीच ऐकले नव्हते.