बोटीच्या इंजिनात गाडीचं ऑइल चालतं का?

इनबोर्ड इंजिन म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन. कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक ट्रॉलरमध्ये ते डिझेलवर चालतं. अनेकदा ते ट्रकच्याच इंजिनावरून बनवलेलं असतं. मग ऑइलही ट्रकचंच का नको? उत्तर आहे, कधी चालतं, कधी नाही. मात्र निवड चुकली तर भर समुद्रात गाडी ढकलायला कुणी येत नाही.

फरक कुठे पडतो?

गाडीला उतार मिळतो, सिग्नल मिळतो. बोटीला पाणी सतत मागे रेटत असतं. पंख्याचा वेग दुप्पट करायचा तर साधारण आठपट ताकद लागते. म्हणजे इंजिन तासन् तास मोठ्या भाराखाली फिरतं. त्यात खारी, दमट हवा. काही इंजिनांत थेट समुद्राचं पाणी फिरवून थंडावा दिला जातो. अशी इंजिनं पुरेशी तापत नाहीत आणि ऑइलमध्ये ओलावा व इंधन साचत जातं.

डब्यावरचे आकडे

'१५डब्ल्यू-४०' यातला पहिला आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं हे सांगतो, तर दुसरा तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो हे. पहिला आकडा लहान, तितकं ऑइल कडक थंडीत बरं. कोकणात तशी थंडी नाही, त्यामुळे '०डब्ल्यू'साठी जास्त पैसे मोजण्याची सहसा गरज नसते.

'एपीआय'पुढचं अक्षरही बघा. 'सी' म्हणजे डिझेल (सीआय-४, सीके-४), 'एस' म्हणजे पेट्रोल.

कोणतं घ्यावं?

• डिझेल इनबोर्ड : इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड आणि 'सी' दर्जा. दोन्ही जुळत असतील आणि कंपनीची मनाई नसेल, तर ट्रकचं ऑइल चालतं.
• फोर-स्ट्रोक पेट्रोल इनबोर्ड : 'एफसी-डब्ल्यू' प्रमाणित मरीन ऑइल. ते गंजरोधक चाचणीतून गेलेलं असतं. कारचं इंधन वाचवणारं पातळ ऑइल इथे टाळावं.
• 'टीसी-डब्ल्यू३' : हे टू-स्ट्रोक आऊटबोर्डसाठी, इंधनाबरोबर जळणारं ऑइल. इनबोर्ड फोर-स्ट्रोकमध्ये ते ओतू नये.
• गिअरबॉक्स : त्याचं ऑइल वेगळं असू शकतं. पुस्तिका पाहूनच भरावं.

डिपस्टिक काय सांगते?

ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंधन गळतंय. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही, गळती शोधावी लागते. डिझेलचं ऑइल काळं पडणं मात्र नेहमीचंच. ते काजळी धरून ठेवतंय, एवढाच त्याचा अर्थ.

बदलायचं कधी?

गाडीचा हिशेब किलोमीटरचा, बोटीचा इंजिन चाललेल्या तासांचा. शिवाय पावसाळी मासेमारी बंदीत बोट किनाऱ्याला लागते, तेव्हा ऑइल आणि फिल्टर बंदीच्या सुरुवातीलाच बदलावेत. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा उभ्या इंजिनात बेअरिंग खात राहतात. हंगाम सुरू होताना बदललं, तर तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

आणि काढलेलं जुनं ऑइल? ते घातक कचऱ्यात मोडतं. खाडीत ओतू नका, डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्या. मासळी त्याच पाण्यातून यायची असते.