समुद्र हरवलेला कप्तान

'द साउंड ऑफ म्युझिक' हा १९६५ सालचा चित्रपट आपल्या अनेक कॅथलिक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला आहे. त्यातील सात मुले, मठातून आलेली तरुण शिक्षिका मारिया आणि शिट्टी वाजवून मुलांना रांगेत उभा करणारा करड्या शिस्तीचा विधुर कप्तान ही पात्रे लहानथोरांच्या ओळखीची आहेत. मारियेची कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु हा कप्तान नेमका कोणत्या नौदलाचा, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ऑस्ट्रिया तर चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश. त्याला नौदल कुठले? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की चित्रपटातील कप्तान मागे राहतो आणि एका खऱ्याखुऱ्या नौदल अधिकाऱ्याचे जीवन समोर येते. ते चित्रपटाहून अधिक खडतर होते आणि आमच्या मते अधिक बोधप्रदही होते.

गेऑर्ग फॉन ट्रॅप यांचा जन्म ४ एप्रिल १८८० रोजी एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावरील झारा या बंदरात झाला. आज ते शहर झादर या नावाने क्रोएशियात आहे. त्या काळी हा सारा किनारा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विशाल साम्राज्याचा भाग होता आणि त्या साम्राज्याचे नौदल मोठे होते. गेऑर्ग यांचे वडीलही त्याच नौदलात अधिकारी होते; मुलगा चार वर्षांचा असतानाच ते निवर्तले. १८९४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, गेऑर्ग यांनी फियुमे येथील नौदल विद्यालयात प्रवेश घेतला. १९०० साली चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला, तेव्हा 'झेंटा' या युद्धनौकेवरून ते तिकडे गेले आणि तेथील कामगिरीबद्दल त्यांचा गौरव झाला.

पाणबुडी हे त्या काळी नवे आणि बेभरवशाचे शस्त्र होते. तरुण गेऑर्ग यांना त्याचेच आकर्षण वाटले. १९०८ साली ते पाणबुडी शाखेत दाखल झाले आणि १९१० साली 'यू-६' या पाणबुडीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. या पाणबुडीचे जलावतरण आगाथा व्हाइटहेड या तरुणीच्या हस्ते झाले होते. टॉर्पेडोचा शोध लावणारे इंग्रज अभियंते रॉबर्ट व्हाइटहेड यांची ती नात. १९११ साली गेऑर्ग आणि आगाथा विवाहबद्ध झाले. आजोबांचे शस्त्र नातजावयाच्या हाती यावे, हा नियतीचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि एप्रिल १९१५ मध्ये 'यू-५' ही पाणबुडी त्यांच्या ताब्यात देण्यात आली. जेमतेम बत्तीस मीटर लांबीचे ते लोखंडी नळकांडे, आत एकोणीस माणसे आणि पेट्रोलवर चालणारी इंजिने. त्या इंजिनांच्या वाफांनी खलाशांना भोवळ येई. २६ एप्रिलच्या रात्री, इटलीच्या दक्षिण टोकाजवळ, 'लिआँ गाम्बेता' ही बारा हजार टनांची फ्रेंच युद्धनौका सोबतीला संरक्षक नौका नसताना मंद गतीने चालली होती. मध्यरात्रीनंतर ट्रॅप यांनी दोन टॉर्पेडो सोडले. थोड्याच वेळात ती प्रचंड नौका समुद्राच्या तळाशी गेली. अॅडमिरल सेनेस आणि नौकेवरील सारे अधिकारी धरून ६८४ माणसे बुडाली, १३७ वाचली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. बुडणाऱ्यांना वर घ्यायला त्या चिमुकल्या पाणबुडीत जागाच नव्हती. राजधानीत या विजयाचा जयजयकार झाला आणि साम्राज्याला एक वीरपुरुष लाभला. पण ज्या सहाशे चौऱ्याऐंशी घरांत त्यानंतर तार गेली, तीही बहुतांशी ख्रिस्ती घरेच होती. दोन्ही बाजूंच्या गिरणागृहांतून नव्हे, तर चर्चमधून एकाच देवाकडे विजयाची याचना चालली होती. युद्धकथा वाचताना हे आपण विसरू नये.

पुढे त्याच वर्षी त्यांनी इटलीची 'नेरेइदे' ही पाणबुडी बुडवली. त्यानंतर त्यांच्याकडे 'यू-१४' आली. ही मूळची फ्रेंच पाणबुडी 'क्युरी'. पोला बंदराच्या संरक्षक जाळ्यांत अडकून ती बुडाली होती; ऑस्ट्रियाने तिला वर काढून स्वतःच्या सेवेत घेतले. युद्ध संपेपर्यंत ट्रॅप यांची गणना साम्राज्याच्या सर्वाधिक यशस्वी पाणबुडी अधिकाऱ्यांत होऊ लागली. महायुद्धानंतर त्यांना मारिया तेरेझा सन्मानाचा क्रूस मिळाला. हा सन्मान केवळ आज्ञापालनासाठी दिला जात नसे. जे कृत्य केले नसते तरी अधिकाऱ्याला कोणी दोष दिला नसता, असे धाडस स्वतःच्या जबाबदारीवर करणाऱ्यालाच तो मिळे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

१९१८ च्या शरद ऋतूत साम्राज्य कोसळले. सम्राट कार्ल यांनी, ज्यांना २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धन्यवादित घोषित केले, आपले आरमार दक्षिण स्लाव राष्ट्रीय परिषदेच्या स्वाधीन केले. ३१ ऑक्टोबरला पोला बंदरात साम्राज्याचा ध्वज उतरला. नव्या ऑस्ट्रियाला किनारा उरला नाही. अडतीस वर्षांच्या या अधिकाऱ्याचा व्यवसाय, ध्वज आणि समुद्र असे सारेच एकदम गेले.

दुःख तेवढ्यावर थांबले नाही. सप्टेंबर १९२२ मध्ये आगाथा स्कार्लेट ज्वराने वारल्या. मागे सात मुले होती. धाकटी अवघी दीड वर्षाची. काही काळाने हे कुटुंब साल्झबुर्गजवळ आयगेन येथे राहावयास आले. १९२६ साली आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवण्यासाठी नोनबर्ग येथील बेनेडिक्टाइन मठातून मारिया कुचेरा आल्या. २६ नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांचा गेऑर्ग यांच्याशी विवाह झाला आणि पुढे त्यांना तीन मुले झाली. कप्तान शिट्टीने मुलांना हाक मारीत, हे खरे. मोठ्या घरात आणि बागेत ती दूरवर ऐकू जाई. परंतु ते कठोर मुळीच नव्हते, असे त्यांच्या मुलींनी आवर्जून सांगितले आहे. संगीतही त्या घरात मारियेच्या आधीपासूनच होते.

१९३५ च्या सुमारास बँक बुडाली आणि घराची बहुतेक संपत्ती गेली. खोल्या भाड्याने द्याव्या लागल्या. फादर फ्रान्झ वाझनर हे तरुण धर्मगुरू घरच्या प्रार्थनामंदिरात मिस्सा अर्पण करू लागले. त्यांनी मुलांच्या गायनाला वळण लावले आणि आधी केवळ हौसेचे असलेले गाणे पुढे उपजीविका झाले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्या दिवसांतील एक कटू सत्य आपण ख्रिस्तसभेची लेकरे म्हणून झाकून ठेवू नये. १८ मार्च रोजी ऑस्ट्रियाच्या महागुरूंनी या विलीनीकरणाला अनुकूल असे निवेदन प्रसिद्ध केले. व्हिएन्नाचे कार्डिनल इन्नित्झर यांना त्याबद्दल रोमला बोलावून घेण्यात आले आणि ६ एप्रिलला त्यांना खुलासा करावा लागला. पुढे ऑक्टोबरमध्ये याच कार्डिनलांच्या निवासस्थानावर नाझी तरुणांनी हल्ला चढवला. परंतु तत्पूर्वी १० एप्रिलच्या सार्वमतात नव्याण्णव टक्क्यांहून अधिक मते हिटलरच्या बाजूने नोंदली गेली होती. जिथे मोठमोठे गोंधळले, तिथे सामान्य माणसाने काय करावे?

ट्रॅप यांच्या घरी एकामागून एक निरोप येत गेले. घरावर नवा ध्वज लावा, असे सांगण्यात आले, लावला नाही. जर्मन नौदलाने त्यांना पुन्हा पाणबुडीवर बोलावले. वीस वर्षे समुद्रासाठी झुरलेल्या, पैशाने खचलेल्या माणसापुढे आलेला हा केवढा मोह! नव्या, अद्ययावत पाणबुड्या त्यांना खुणावीत होत्या. त्यांनी नकार दिला. थोरला मुलगा रुपर्ट डॉक्टर झाला होता. व्हिएन्नातील एका रुग्णालयातील जागा त्यानेही नाकारली. हिटलरच्या वाढदिवशी गाण्याचे निमंत्रण आले, तेव्हा साऱ्या कुटुंबाने मिळून नकार दिला.

असे नकार दिल्यावर तिथे राहणे शक्य नव्हते. चित्रपटात हे कुटुंब डोंगर चढून निसटते. प्रत्यक्षात साल्झबुर्गमागील तो डोंगर ओलांडला असता तर ते हिटलरच्याच निवासस्थानाजवळ उतरले असते! खरी हकीकत साधी आहे: पाठीवर पिशव्या घेऊन ते आगगाडीने इटलीला गेले. झारा हे शहर युद्धानंतर इटलीकडे गेल्यामुळे तेथे जन्मलेल्या कप्तानांना इटलीचे नागरिकत्व मिळाले होते. तेच आता कामी आले. हरवलेल्या समुद्राने आपल्या जुन्या सेवकाला अखेरची वाट दिली, असेच म्हणावे लागेल. त्यांनी सोडलेले घर पुढे हिमलर याने बळकावले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हे कुटुंब फादर वाझनर यांच्यासह अमेरिकेत पोहोचले. गावोगाव गात त्यांनी पोट भरले आणि १९४२ मध्ये व्हर्माँट राज्यातील स्टो येथे शेत घेतले. रुपर्ट आणि वर्नर हे पुत्र अमेरिकन सैन्यातून युद्धावर गेले. युद्ध संपल्यावर उपाशी ऑस्ट्रियासाठी या कुटुंबाने अन्नवस्त्रांची मदत गोळा करून पाठवली. ३० मे १९४७ रोजी कप्तानांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने देह ठेवला. नाटक आणि चित्रपट यांची कीर्ती त्यांनी पाहिली नाही.

सैनिकाचे जीवन आज्ञापालनावर उभे असते. १९१५ साली ट्रॅप यांनी आज्ञा पाळली आणि ६८४ माणसे बुडाली. १९३८ साली त्यांनी आज्ञा मोडली, तेव्हा आपल्याच घराचे छप्पर त्यांना गमवावे लागले. यांपैकी मोठे शौर्य कोणते? नकार दिला नसता तरी त्या काळी कोणी त्यांना दोष दिला नसता. मारिया तेरेझा क्रूसाची अट त्या नकाराने दुसऱ्यांदा पूर्ण झाली. या वेळी क्रूस देणारे कोणी उरले नव्हते, इतकेच. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले की, अन्याय्य आज्ञा पाळणाऱ्याला आंधळ्या आज्ञाधारकतेची सबब पुढे करता येणार नाही आणि अशा आज्ञांना उघड विरोध करणारे परम स्तुतीस पात्र आहेत.

आपल्या घरांतून मुलांना आज्ञाधारकपणा शिकवला जातो, तो शिकवलाच पाहिजे. परंतु आज्ञा कोणाची आणि कशासाठी, हे सदसद्विवेकबुद्धीला विचारण्याची सवयही आपण त्यांना लावतो का? यापुढे तो चित्रपट मुलांसोबत पाहाल, तेव्हा गाणी संपल्यावर त्यांना या कप्तानाचीही गोष्ट अवश्य सांगा.