क्षीण होणारा देह आणि कार्याची पुनर्रचना : महर्षी कर्वे यांचे उत्तरायुष्य

रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे १८५८ मध्ये जन्मलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी तरुणपणी परीक्षेसाठी मुरूडहून कुंभार्ली घाटमार्गे साताऱ्यापर्यंत पायपीट केली होती. ती शक्ती उतारवयात उरणे शक्य नव्हते. तथापि त्यांनी कार्य न थांबविता त्याचे परिमाण बदलले, असे दिसते. १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठासाठी त्यांनी सत्तरीत परदेश प्रवास केला. १९३६ मध्ये, ७८व्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. खेड्यातील लहान शाळेस अल्प वर्गणीही उपयोगी पडे. १९४४ मध्ये समता संघ स्थापन झाला. १९६२ मध्ये, १०४व्या वर्षी, ते निवर्तले. शक्तीच्या मर्यादा ओळखून उद्दिष्ट कायम राखणे, हाच त्यांच्या वार्धक्याचा ऐतिहासिक बोध होय.