चामड्याच्या तुकड्यापासून तबकडीपर्यंत

मोटार कोणी चालविली, हे शाळकरी मुलेही सांगतात. ती थांबविली कोणी, असे विचारले तर मात्र थोरामोठ्यांचीही पंचाईत होते. यात नवल नाही. धावणाऱ्याचे कौतुक करावे आणि आवरणाऱ्याला विसरावे, ही मनुष्याची जुनीच रीत आहे. परंतु आज शहरातल्या मध्यम स्थितीच्या घरीही गाडी आली आहे, आणि ती घेऊन आपण बायकामुलांसह खंडाळ्याचा घाट उतरतो. तेव्हा गाडीच्या चाकाशी बसलेला तो चार बोटे रुंदीचा तुकडा कोठून आला, तो झिजल्यावर त्याच्या जागी काय बसवावे, आणि अधिक पैसे मोजून ‘भारी’ माल बसविल्यास खरोखर काही पदरात पडते काय, या प्रश्नांचा विचार इतिहासाच्या अंगाने करण्याचे आम्ही योजिले आहे. गॅरेजातला मिस्त्री उत्तर देईलच. पण ते उत्तर पारखून घ्यावयाचे तर थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो.

या इतिहासाचे पहिले पान एका स्त्रीने लिहिले आहे. 1888 सालच्या ऑगस्ट महिन्यात बेर्ता बेन्झ ही बाई, नवऱ्याला न सांगता, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्यानेच बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. वाट सुमारे शंभर किलोमीटरची. गाडीचे ब्रेक म्हणजे चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. उतारावर ते झिजू लागले. बाईने वाटेतल्या एका गावी मोच्याला गाठले आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. कार्ल बेन्झ मोठा यंत्रज्ञ खरा; पण ब्रेकच्या लायनरची पहिली कल्पना त्याच्या कारखान्यात नव्हे, तर रस्त्यावरच्या मोच्याच्या दुकानात प्रत्यक्षात उतरली. ही गोष्ट आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. पुढच्या शंभर वर्षांत ब्रेकची जी सुधारणा झाली, तिचा फार मोठा भाग गाडी बनविणाऱ्यांनी नव्हे, तर बदली माल बनविणाऱ्यांनी आणि गरजू गिऱ्हाइकांनी केला आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात घोड्यांच्या मालगाड्या उतारावर आवरण्यासाठी गाडीवान जुन्या बुटांचे तुकडे ठोकळ्यांना लावीत, असे हर्बर्ट फ्रूड याने पाहिले अशी कथा आहे. 1897 मध्ये त्याने या कामासाठी खास माल तयार करण्याचा उद्योग आरंभिला. प्रथम सुती पट्टा राळेसारख्या द्रव्यात भिजवून तो विकीत असे. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि त्यांत पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर घालून त्याने मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. पुढे मुंबईत घाटकोपरला याच नावाचा, हिंदुस्थान फेरोडो हा, कारखाना उभा राहिला. डोंगरातल्या गाडीवानाच्या बुटाची ही वंशावळ इतक्या दूरवर पोचली.

परंतु सूत फार तापले की निकामी होते. मोटारींचा वेग वाढला तेव्हा फ्रूडने 1908 च्या सुमारास ॲस्बेस्टॉसचे धागे वापरावयास घेतले. हा खनिज धागा जळत नाही, चिवट असतो, स्वस्तही पडतो. त्याहून सोयीची वस्तू मिळणे कठीण होते. येथे आम्हास थोडे थांबावेसे वाटते. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात, हे इंग्लंडमधील मेरेवेदर व प्राइस यांच्या 1930 च्या अहवालाने स्पष्ट केले होते, आणि 1931 मध्ये तेथे कारखान्यांसाठी नियमही झाले. तरीही ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस आणखी कित्येक दशके राहिला. ब्रिटनमध्ये त्याच्यावरची बंदी 1999 साली पुरी झाली. अमेरिकेने तर क्रायसोटाइल जातीच्या ॲस्बेस्टॉसवर 2024 मध्ये बंदी घातली. भारतात 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचा आरोग्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला, आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीची नोंद दीर्घकाळ जतन करण्याची आज्ञा दिली. मात्र जो पोऱ्या रस्त्याकडेच्या गॅरेजात ड्रम उघडून आतला भुगा हवेच्या झोताने उडवीत असे, त्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नव्हते. गाडी मालकाची वाचली. फुप्फुस पोऱ्याचे गेले. तेव्हा लायनर घेताना खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे शब्द आहेत काय ते पाहावे, आणि जुन्या गाडीचा ड्रम उघडताना भुगा फुंकू न देता ओल्या फडक्याने पुसून घ्यावयास सांगावे. ब्रेकची खरेदी ही एकट्या मालकाची खाजगी बाब नव्हे, एवढे तरी यावरून ध्यानात यावे.

आता यंत्राकडे वळू. 1902 मध्ये लुई रनो याने ड्रम ब्रेकला व्यवहारोपयोगी रूप दिले: फिरत्या डब्याच्या आत दोन कमानदार शूज, आणि ते फाकले की डब्याला घासतात. त्याच साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. म्हणजे ड्रम व डिस्क ही जुळी भावंडेच होत. परंतु लँचेस्टरच्या तबकडीला घासणारा भाग तांब्याचा. त्या काळचे रस्ते मातीचे. तांबे भराभर झिजे आणि किंचाळे. धाकटे भावंड पन्नास वर्षे मागे पडले ते यामुळे. कल्पना उत्तम असून घासणारा माल हीन असला की सारे फुकट जाते, हा धडा आजच्या खरेदीदारालाही लागू आहे.

फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी 1908 ते 1927 पर्यंत चालली आणि दीड कोटी विकली गेली. तिचा पायाने दाबावयाचा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरपेटीत होता, आणि मागच्या चाकांवर होता तो हाताचा ब्रेक. मध्येच एखादा दांडा तुटला की पायाचा ब्रेक व्यर्थ. म्हणून डोंगराळ भागातले मालक मागच्या चाकांवर बाहेरून पट्टे आवळणारे ‘रॉकी माउंटन’ ब्रेक निराळे विकत घेऊन बसवीत. आज ज्याला ‘अपग्रेड’ म्हणतात ते हेच. मात्र तो शोभेचा सोस नव्हता. मूळ गाडीत खरे न्यून होते आणि ते भरून काढले जात होते. न्यून आहे काय, हा प्रश्न आधी; वस्तू कोणती, हा नंतर.

पुढे ब्रेक चारही चाकांवर आले. या गाड्या इतक्या लवकर थांबत की मागून येणारा आदळे. म्हणून 1920 नंतरच्या काळात काही गाड्यांच्या पाठीला तांबडा त्रिकोण लावून मागच्यास सावध करीत! माल्कम लॉकहीड याने 1917 मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. 1921 च्या ड्यूझेनबर्ग गाडीत आणि 1924 च्या क्रायस्लर गाडीत ते चार चाकांवर आले. फोर्ड मात्र तारा-दांड्यांना चिकटून राहिले आणि 1939 मध्ये नमले. द्रवाचा गुण असा की दाब सर्व चाकांस सारखा पोचतो. अवगुण असा की एक नळी फुटली की सारा दाब जातो. म्हणून दोन स्वतंत्र नळीमार्ग ठेवण्याची पद्धत आली, आणि अमेरिकेत 1968 पासून ती कायद्याने सक्तीची झाली.

सर्व ब्रेकांचे काम एकच: गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. 900 किलो वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटर वेगातून थांबविली की जी उष्णता निघते, तिने सुमारे 700 मिलिलिटर पाणी उकळीस येईल. हे एका थांबण्याचे झाले. बोरघाटात गाडी 500 मीटरांहून अधिक खाली उतरते. ती सारी शक्ती ब्रेकनेच खाल्ली तर अशी वीस थांबणी विसाव्याविना घेतल्यासारखे होईल. तापला की ड्रम फुगतो आणि शूजपासून दूर जातो. पाय खोल जातो आणि गाडी आवरत नाही. तबकडी तापली तरी जाड होऊन पॅडकडेच सरकते, आणि उघड्या वाऱ्यात लवकर निवते. 1953 च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या तबकड्या लावलेली जॅग्वार टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी जिंकली, तेव्हा ही गोष्ट जगाला पटली. 1955 च्या सित्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या, आणि हळूहळू सामान्य गाड्यांतही त्या आल्या. पुढेच का? तर ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो; मुख्य काम त्यांचेच.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिची फियाट, पुढे पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर या दोन गाड्यांनी देशाची दोन-तीन पिढ्या ने-आण केली. आयुष्याचा बहुतेक काळ या दोघींच्या चारही चाकांना ड्रमच होते. तरी त्यांनी घाट उतरले, कारण जुने ड्रायव्हर ज्या गिअरात चढावयाचे त्याच गिअरात उतरत आणि इंजिनला गाडी धरू देत. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचविणारा मनुष्य आम्हास कंजूष नव्हे, धोकेबाज वाटतो.

आता खरेदी. लायनर किंवा पॅडच्या कडेला बहुधा दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. पहिले थंड असतानाची पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरे अक्षर पहिल्याहून खालचे असेल तर तो माल घाटात दगा देण्याचा संभव अधिक. मात्र अक्षर वरचे म्हणून माल चांगला, असेही नाही. टिकाऊपणा, आवाज, तबकडीची झीज या गोष्टी ते अक्षर सांगत नाही. युरोपात ‘आर-90’ नावाचा नियम आहे: बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत असली पाहिजे. मूळच्यापेक्षा फार कमी नको, तशी फार जास्तही नको, हे यातले शहाणपण ध्यानात घ्यावे. पकड एकाच चाकाची वाढली तर गाडी त्या बाजूला ओढते. मागच्या चाकांची फाजील वाढली तर ती आधी अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून पॅड नेहमी दोन्ही चाकांचे जोडीनेच बदलावेत. शर्यतीचे पॅड तर तापल्याखेरीज धरतच नाहीत. सकाळी गल्लीतून निघालेल्या गाडीला ते काय कामाचे?

भोके पाडलेल्या तबकड्यांची हौस अलीकडे दिसते. शर्यतीत जुन्या पॅडमधून निघणारा वायू निसटावा म्हणून ती भोके होती. रोजच्या गाडीत ती उष्णता सोसणारे लोखंडच कमी करतात, आणि भोकांच्या कडेला चिरा पडू शकतात. तबकडी मोठी केली म्हणजे गाडी लवकर थांबेल, हाही समज तितकासा खरा नाही. जोरात दाबल्यावर चाके अडकत असतील, किंवा एबीएस थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशीच आहे. कमी पडतो तो टायर. 1978 मध्ये बॉश व मर्सिडीज यांनी बाजारात आणलेले एबीएस चाक अडकू देत नाही; रस्त्याची पकड ते वाढवीत नाही. जुन्या गाडीला पुढे डिस्क बसवावयाच्या असतील तर मास्टर सिलिंडरही डिस्कला साजेसा हवा, आणि पायाला निर्वात-साहाय्यही हवे. कारण फिरता ड्रम शूजला स्वतःच आत ओढून जी मदत करतो, ती तबकडी करीत नाही. नुसत्या तबकड्या आणून बसविणारा मिस्त्री अर्धे काम करून पूर्ण पैसे घेतो.

आमच्या मते रोजच्या गाडीची सर्वांत मोठी सुधारणा सर्वांत स्वस्त आहे, आणि तिच्याकडेच कोणी पाहत नाही. ती म्हणजे ब्रेक ऑइल. हे द्रव्य हवेतले पाणी शोषते. नवे डॉट-3 किमान 205 अंशांवर उकळते. पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. डॉट-4 साठी हेच आकडे 230 व 155 आहेत. ऑइल उकळले की नळीत बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पाय जमिनीला टेकला तरी गाडी चालूच राहते. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत तर दर दोन वर्षांनी ते बदललेच पाहिजे. डॉट-5 मात्र सिलिकोनचे असते. ते डॉट-3 वा डॉट-4 मध्ये मिसळू नये.

आणि नवे पॅड बसविल्यावर त्याच दिवशी घाटाची वाट धरू नये. नवा पॅड आणि तबकडी यांचे पृष्ठभाग एकमेकांस बसावयास वेळ लागतो. पहिले दोनतीनशे किलोमीटर मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून हलकेच दाबीत न्यावेत, दोन दाबण्यांमध्ये चाकाला निवावयास अवसर द्यावा, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून सिग्नलला उभे राहू नये. नाही तर पॅडचा माल तबकडीला एकाच जागी चिकटतो, आणि नवे सामान घालूनही पायाला थरथर जाणवते.