कंपनीच्या मुलाखतीला जाताना : लोटे, खडपोली, मिरजोळेला जाणाऱ्या मुलांनी काय तयारी ठेवावी?

रत्नागिरी : कंपनीतून मुलाखतीचा फोन आला की घरात पहिला प्रश्न निघतो, "इंग्रजी येतं का तुला?" तिथेच पोराचा निम्मा धीर सुटतो. खरं तर ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा लॅबमधल्या सुरुवातीच्या जागांसाठी बहुतेक बोलणं मराठी-हिंदीतच होतं. गाडी अडते ती तीन ठिकाणी : स्वतःच्या ट्रेडमधलं साधं उत्तर, कागदपत्रं आणि शिफ्टची तयारी.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), क आणि ड पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे गावाकडच्या मुलाला समोरासमोर बसून बोलायची वेळ येते ती मुख्यतः खासगी कंपनीत. त्यात खेड तालुक्यातली लोटे-परशुराम वसाहत रसायन कारखान्यांची. शिवाय चिपळूणजवळ खडपोली, रत्नागिरीजवळ मिरजोळे आणि जयगडला वीजप्रकल्प व बंदर आहे.

ट्रेडची उजळणी

प्रश्न मोठे नसतात, पण पाया तपासणारे असतात. आठवडाभर आधी आयटीआयची वही काढून बसावं.

फिटरला व्हर्निअर आणि मायक्रोमीटरचा लघुत्तम माप विचारतात. नेहमीच्या व्हर्निअरचा ०.०२ मि.मी. आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मि.मी. हातात देऊन माप घ्यायलाही सांगू शकतात.

इलेक्ट्रिशियनला एमसीबी आणि फ्यूजमधला फरक, अर्थिंग कशासाठी, मेगरने काय मोजतात हे यायला हवं. फ्यूजची तार वितळते, ती बदलावी लागते. एमसीबी ट्रिप होतो, दोष काढून पुन्हा चढवता येतो. मेगरने इन्सुलेशनचा रोध मोजतात.

केमिकल प्लांटच्या ऑपरेटरला सुरक्षेवर प्रश्न ठरलेले. ॲसिड पाण्यात हळूहळू सोडायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. गॅस गळती झाली तर वाऱ्याची दिशा बघून आडव्या दिशेने बाहेर पडायचं आणि ठरलेल्या असेंब्ली पॉइंटला जमायचं. विजेच्या आगीवर पाणी नाही, सीओटू किंवा ड्राय पावडर.

बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनी टायट्रेशन, नॉर्मॅलिटी-मोलॅरिटी आणि पीएच मीटर बफरने कसं जुळवतात हे तोंडावर ठेवावं.

एखादं उत्तर नाही आलं तर "माहीत नाही सर, पण शिकेन" म्हणावं. थाप मारली तर पुढच्याच प्रश्नात पकडली जाते. रसायनाच्या कारखान्यात अंदाजाने काम करणारा माणूस कुणालाच नको असतो.

कागद

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आयटीआय किंवा पदवीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो. झेरॉक्सचे दोन संच करावेत. मूळ कागद दाखवून लगेच परत घ्यावेत, कुणाकडे ठेवून येऊ नयेत.

आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर दुरुस्ती आधीच करून घ्यावी. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत ठेवावं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात अनेकांच्या घरात पाणी शिरलं. ज्यांच्या गुणपत्रिका हरवल्या किंवा भिजल्या, त्यांनी दुसऱ्या प्रतीसाठी शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा. डिजिलॉकरवरही बघून घ्यावं.

शिफ्ट आणि येणं-जाणं

"घर कुठे? रात्रपाळीला कसा येणार?" हा प्रश्न गावाकडच्या मुलाला येतोच. "बघू" हे उत्तर चालत नाही. शेवटची एसटी किती वाजता, गाडी आहे का, जवळ खोली मिळते का, हे घरी बसून ठरवावं. "शिमग्याला, गणपतीला किती दिवस रजा घेणार?" असंही विचारतील. "एकही नको" असं खोटं सांगू नये. "दोन-तीन दिवस लागतील, आधी सांगून आणि बदली शिफ्ट करून जाईन" हे पटणारं उत्तर आहे.

मुलाखतीच्या दिवशी एक एसटी आधीची धरावी. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की चिपळूणकडून लोट्याला पोचायला किती वेळ जाईल सांगता येत नाही. अडकल्यास फोन करून कळवावं, म्हणून कंपनीचा नंबर कागदावरही लिहून ठेवावा. कपडे साधे, धुतलेले, पायात बूट.

आपण काय विचारावं?

शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतात, तेव्हा नुसती मान हलवून उठू नये. नोकरी थेट कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरकडून? हातात पगार किती? पीएफ, ईएसआय कापतात का? शिफ्ट किती तासांची, बस आहे का? हे नम्रपणे विचारलं तर कुणी रागावत नाही. रुजू झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पैसे मागितले तर

फॉर्म, गणवेश, ट्रेनिंग, डिपॉझिट, कुठल्याही नावाने मुलाखतीआधी पैसे मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजावा. रेल्वेत, बंदरात "ओळखीने लावतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागून बागेवर कर्ज काढू नये. ऑनलाइन पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं. जितका लवकर फोन, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

नोंदणीसाठी राज्य सरकारचं महास्वयम् पोर्टल आहे. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या रोजगार मेळाव्यांनाही जावं. पहिल्या मेळाव्यात काम नाही झालं तरी समोर बसून बोलायची भीती जाते. घरी येताना एसटीतच विचारलेले प्रश्न वहीत लिहून काढावेत. पुढच्या मुलाखतीची तयारी तिथूनच सुरू होते.