भिडेवाडा गेला, गंज पेठ तरी राखा!

पुण्याचा वारसा म्हटले की शनिवारवाडा, विश्रामबागवाडा आठवतो. गंज पेठ का आठवत नाही?

१८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तो वाडा वर्षानुवर्षे मोडकळीस येत राहिला, स्मारकाचा वाद न्यायालयात अडकला आणि डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने वाडा पाडला. तिथे राष्ट्रीय स्मारक होईल, पण शाळेच्या त्या भिंती परत येणार नाहीत.

गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, फुल्यांचे राहते घर मात्र उभे आहे. १८६८ साली त्यांनी या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या ५९ वर्षे आधी! लहुजी वस्तादांची तालीमही याच पेठेतली. ही क्रांती राजवाड्यात नव्हे, गल्लीत, शेजाऱ्यांमध्ये घडली.

आता फुलेवाडा आणि सावित्रीबाईंचे स्मारक जोडण्यासाठी मधली घरे घेण्याची योजना आहे. स्मारक भव्य व्हावे, याला आपला विरोध नाही. पण ज्यांनी शेजाऱ्यांसाठी हौद उघडला, त्यांच्याच नावाने शेजारी उठवायचे काय?

म्हणून मागणी स्पष्ट असावी: रहिवाशांशी आधी बोला, पुनर्वसन याच पेठेत करा, जुन्या गल्ल्यांची नोंद करून त्या जपा. पेशव्यांच्या वाड्यांना जो मान, तोच सत्यशोधकांच्या वस्तीलाही मिळाला पाहिजे.

मित्रांनो, जयंतीला हार घालून थांबू नका. गंज पेठेत जा, तिथल्या माणसांशी बोला.

जय जोती! जय भीम!