कुंपण शेत खातें तेव्हां

हॅनोव्हर येथील वैद्य वेर्लहोफ यानें १७३५ सालीं एका चमत्कारिक रोगाचें वर्णन लिहून ठेवलें. रोगी एक तरुण मुलगी होती. तिच्या नाकांतून रक्त वाहे आणि अंगावर काळेजांभळे डाग उमटत. रक्त कां थांबत नाहीं, याचा उलगडा करण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. १८८२ च्या सुमारास इटालींतील बिझोझेरो यानें दाखविलें कीं, रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज अतिसूक्ष्म अशा बिंबिका असतात, आणि शीर फुटतांच त्याच प्रथम धांवून येऊन भोंक बुजवितात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत त्या दीड ते साडेचार लाख असतात; या रोगांत त्या कधीं कधीं दहा हजारांच्याही खालीं जातात.

त्या जातात कोठें? ब्रेस्लाऊ येथील फ्रांक यानें १९१५ सालीं मत दिलें कीं, अस्थींतील मज्जेंत त्या पुरेशा निपजतच नाहींत. प्राग येथें काझ्नेल्सन नांवाचा एक विद्यार्थी वैद्यक शिकत होता. त्याचें म्हणणें असें कीं, बिंबिका निपजतात, पण प्लीहा, म्हणजे पाणथरी, त्यांचा फडशा पाडते. १९१६ सालीं त्यानें आपल्या गुरूंचें मन वळविलें, एका रोगिणीची प्लीहा काढण्यांत आली, आणि बिंबिका झपाट्यानें वाढल्या. विद्यार्थ्याच्या शब्दावर रोग्याचें पोट उघडणारे गुरु तेव्हांही फार नसावेत! परंतु प्लीहा काढूनही कित्येकांना गुण येत नसे. म्हणून वाद मिटला नाहीं.

तो मिटविला सेंट लुई येथील बार्न्स रुग्णालयांतील विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरानें. त्याची शंका अशी कीं, नाश करणारें द्रव्य रोग्याच्या रक्तांतच असावें. १९५० सालीं त्यानें या रोगानें पछाडलेल्या एका स्त्रीचें सुमारें अर्धा लिटर रक्त स्वतःच्या अंगांत घालून घेतलें. थोड्याच तासांत त्याच्या बिंबिका जवळजवळ नाहींशा झाल्या. त्याला आंचके येऊन तो बेशुद्ध पडला, आणि चार दिवस त्याच्या जिवाला धोका होता. पांचव्या दिवशीं बिंबिका पूर्ववत् झाल्या. मज्जा तपासली तों ती निर्दोष आढळली. अर्थात् बिंबिका निपजत होत्या आणि बाहेर आल्यावर मारल्या जात होत्या. पुढें त्याच्या सहकाऱ्यांनींही हा प्रयोग स्वतःवर करून घेतला. हें साहस आज कोणी करूं देणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण त्याचें फळ मोठें होतें. रोगजंतूंशीं लढण्यासाठीं शरीर जीं प्रतिद्रव्यें बनवितें, तींच येथें घरच्या बिंबिकांवर उलटतात, हें पुढील संशोधनानें पक्कें झालें.

मग कुंपणच आंवरलें पाहिजे, हा विचार ओघानेंच आला. साधन योगायोगानें हातीं आलेलें होतें. मेयो क्लिनिकमध्यें हेंच यानें १९४८ सालीं कॉर्टिझोन हें द्रव्य संधिवाताच्या एका रोगिणीला दिलें होतें. १९५० सालीं त्याला केंडाल व राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. लवकरच या रक्तरोगावरही त्याचा उपयोग होऊं लागला. १९५९ सालीं बॉस्टन येथील श्वार्ट्झ व डॅमेशेक यांनीं दाखविलें कीं, रक्ताच्या कर्करोगावरील एक औषध दिलेले ससे, परकें प्रथिन टोंचलें तरी, त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें बनवीत नाहींत. तेव्हांपासून अशीं औषधें अशा रोग्यांना देण्याचा मार्ग खुला झाला.

मात्र कुंपण खिळखिळें केलें, कीं चोरही आंत शिरतात. अशा रोग्याला साधा ताप नव्हे, प्राणघातक जंतुसंसर्ग होऊं शकतो, आणि कॉर्टिझोनच्या जातीचीं औषधें फार दिवस घेतल्यास हाडेंही ठिसूळ होतात. बर्न येथील इंबाख या बालरोगतज्ज्ञाकडे असाच एक मुलगा होता. दीर्घ उपचारांनीं त्याच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें फार कमी झालीं होतीं. ती तूट भरून काढण्यासाठीं निरोगी लोकांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिद्रव्यें त्याला शिरेवाटे दिलीं, तों बिंबिकाच वाढूं लागल्या! प्लीहेंतील भक्षक पेशी या नव्या द्रव्यांतच गुंतून पडतात, असें त्याचें एक कारण सांगतात. १९८१ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि रक्तस्राव तांतडीनें थांबवावयाचा असतां डॉक्टर आजही हा उपाय करतात.